जिभेच्या कडेला

जलालुद्दीनभाईंनी वांग्याच्या भाजीचा दुसरा घास घेतला नाही. पहिला त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला, गिळला, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून समोरच्या औषधांच्या फळ्यांकडे बघत राहिले, आणि मग कुणाच्या घरी वाईट निरोप घेऊन गेल्यासारखे बिचकत म्हणाले, "बेटी, अम्मांची तबियत बराबर हाये ना?"

"काहून?" पुनमने विचारलं.

"नमक न्हाई यात. कालबी नव्हतं. परवा इतकं होतं, की घरी जाऊन तीन गिलास पानी पिलो. बोलनार नव्हतो. पर आठ साल झाले त्यांच्या हातचं खाऊन राहिलो. त्यांचा हात असा चुकत न्हाई."

पुनमच्या डब्यातली भाजी अर्धी संपली होती. तिने बोटाने थोडा रस्सा घेऊन पुन्हा जिभेवर ठेवला. खरंच मीठ नव्हतं. कालही नव्हतं, हे तिला आता आठवलं, आणि परवाची खारट आमटी तर तिने भाकरी जास्त घेऊन संपवली होती. म्हणजे तिला कळलं होतं. कळूनही तिने ते आत येऊ दिलं नव्हतं. सर्दीने आपलंच तोंड बेचव झालं असेल, असं समजून ती जेवत राहिली होती. कारण बारा वर्षांत मामींच्या हातचं मीठ चुकलेलं तिला माहीत नव्हतं, आणि जे कधी चुकत नाही ते चुकलं, की माणूस आधी स्वतःकडेच संशयाने बघतं. वसमतच्या बाजारातल्या या दुकानात ती फार्मासिस्ट होती, जलालुद्दीनभाई मालक. दुपारी दीड वाजता शटर अर्ध्यावर ओढून दोघं काउंटरच्या दोन बाजूंना डबे उघडत. भाई स्वतःच्या डब्यातला अर्धा खिमा बाजूला सरकवत आणि गोजरबाईंच्या भाजीत हात घालत. गोजरबाई म्हणजे पुनमची सासू. पुनम त्यांना मामी म्हणायची.

तिने हात धुतले. गिऱ्हाईक नव्हतं. रस्त्यावरून हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला आणि दुकानभर तो मातकट, तिखट वास पसरला. माघात वसमतला सगळं याच वासाचं असतं, नोटासुद्धा. पुनम मागच्या फळीकडे गेली, ट या अक्षराच्या खणातून टर्बिनाफिनचा, बुरशीवरच्या गोळीचा, खोका काढला, आणि तो हातात घेतल्यावरच तिला जाणवलं, की आपले पाय आपल्या आधी इथवर आले आहेत.

खोक्यातलं माहितीपत्रक सोळा घड्यांचं होतं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. ते कुणी वाचत नाही. भाई त्याच्या घड्या करून डुगडुगणाऱ्या स्टुलाखाली घालतात. पुनमला मात्र नांदेडच्या कॉलेजापासून ते कागद उलगडायची सवय होती. इतक्या लहान अक्षरांत इतकी सावध भाषा, म्हणजे कुणीतरी खूप लोकांच्या तक्रारी कान देऊन ऐकल्या असल्या पाहिजेत, असं तिला तेव्हा वाटायचं. आता तिला शोधावं लागलं नाही. चवीत बदल होणे, चव पूर्ण जाणे. गोळी थांबवल्यावर बहुधा काही आठवड्यांत परत येते, कधी महिने लागतात, क्वचित राहूनच जाते. त्याच्या खाली यकृत. भूक मरणे, मळमळ, थकवा, गडद लघवी, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज: ताबडतोब थांबवा. हे सगळं तिला पाठ होतं. गेल्या आठवड्यात एका ट्रकवाल्याला तिने ही गोळी चिठ्ठीशिवाय नाकारली होती. "आधी कावीळ झाली होती का? दारू घेता का? दुसरं कोणतं औषध चालू आहे?" असं विचारून त्याला इतकं भंडावलं, की तो म्हणाला, "बाई, गोळी पायजे, सोयरीक न्हाई." भाई पोट धरून हसले होते.

आणि मामींना? मामींना तिने काहीच विचारलं नव्हतं. पाकिटं रिकाम्या डब्याशेजारी पिशवीत टाकून नेली होती. "जेवल्यावर घ्या, मामी," एवढंच.

"मी घरी, हट्ट्याला जाऊन येते, भाई."

"जा. शटर मैं देखतो." मग तिच्या तोंडाकडे बघून ते म्हणाले, "नमकच तो हाये, बेटी. घाबरू नको."

एसटीत खिडकीची जागा मिळाली. पावसाळ्यात हळदीची निंदणी असते. कंबरेपर्यंत वाढलेल्या पानांत, ओल्या मातीत, ओल्या लुगड्याने बायका दिवसच्या दिवस वाकलेल्या असतात, आणि कंबरेला जिथं लुगड्याचा पिळा बसतो तिथं ते गोल चट्टे येतात, कडेला लाल, मधे निवळलेले, नाण्याच्या छापासारखे. गजकर्ण. मामींनी ते चार महिने लपवलं. पुनमने पाहिलं तेव्हा मामी चुलीमागे बसून उलथन्याच्या दांड्याने कंबर खाजवत होत्या, डोळे मिटून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं एकटं सुख होतं, की पुनम आल्या पावली मागे सरली होती. नंतर कळलं, की त्या गावातल्या दुकानातून एक ट्यूब आणून लावत होत्या. त्या मलमाने आठ दिवस खाज बसते आणि मग चट्टे दुप्पट पसरतात. आत स्टेरॉइड असतं. बुरशीला ते अंथरूण घालून देतं. पुनमने ट्यूब फेकून दिली आणि डॉक्टरकडे चला म्हणाली. मामींनी मान खाली घातली. "कंबर दावू का त्याला? आन् मांड्या? ह्या वयात मला लाज आणू नको, माय." त्या 'माय'ने पुनम विरघळली. दत्तजयंतीचा आठवडा होता तो. चौदा गोळ्या, रोज एक. पंधरा दिवसांनी मामी म्हणाल्या, काहीच कमी न्हाई. हल्ली बुरशी या औषधाला जुमानत नाही असं पुनमने वाचलं होतं. जुमानत नसेल तर काही डॉक्टर दुप्पट देतात, हेही वाचलं होतं. मग सकाळी एक, संध्याकाळी एक, चार आठवडे. स्वतःच्या डोक्याने. डॉक्टर होऊन.

बस कालव्याच्या वळणावर मंद झाली. तिला लग्नानंतरचा पहिला महिना आठवला. तिने केलेली आमटी मामींनी पळीने तळहाताच्या टाचेवर घेतली होती, चाटली होती, आणि मान किंचित डावीकडे कलवून थांबल्या होत्या. लांबून कुणी हाक मारतंय आणि ती नीट ऐकायची आहे, तशा. "मीठ जिभेच्या कडेला कळतं," त्या म्हणाल्या होत्या. "गोड टोकाला. कडू पार मागं, घशाजवळ. म्हनून कडू कळंस्तोवर गिळलेलं असतं." पुनम तेव्हा नुकतीच शिकून आली होती, की जिभेचा असा नकाशा खोटा आहे. सगळी जीभ सगळं ओळखते. ती बोलली नव्हती. पुढे कधीच बोलली नाही. गावात लग्न असो की तेरवी, पंगतीच्या आधी आचारी एका वाटीत वरण घेऊन गोजरबाईंकडे पोरगं पाठवायचा. मामी टाचेवर दोन थेंब घ्यायच्या, मान कलवायच्या, आणि "मूठभर अजून" किंवा "बसवा" म्हणायच्या. मग चारशे माणसं बसायची. मामींना दुसरा मान नव्हता. शाळा नव्हती, त्यांच्या नावावर जमीन नव्हती, मामंजी गेल्यावर हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं. वाटी मात्र यायची.

आणि ती वाटी आपण बंद केली, पुनमला वाटलं. एका लहान पांढऱ्या गोळीने. मग, शास्त्र शिकलेल्या माणसाला भीतीतही यादी करायची सवय असते म्हणून, ती यादीतल्या पुढच्या ओळीशी आली. चव गेली, म्हणजे गोळी अंगाला लागते आहे. मग यकृत? मामी चार दिवसांपूर्वी थकलेल्या वाटल्या होत्या का? त्यांचे हात पिवळे होते. पण माघात हट्ट्यात कुणाचे हात पिवळे नसतात? हात, नखं, कपाळ पुसलं म्हणून कपाळ, लुगड्याचा पदर, पाण्याचा तांब्या, सगळंच. या दिवसांत एखाद्याचं अंग आतून पिवळं झालं तर ते कुणाला दिसेल?

घरी आरोही एकटीच होती. शनिवारची सकाळची शाळा. नवऱ्याचा, शिवशंकरचा, या दिवसांत पत्ता नसे. हळद शिजवायचा कुकर ट्रॅक्टरला जोडून तो गावोगाव फिरत असायचा. आठ वर्षांची आरोही पायरीवर बसून पेरू खात होती.

"आजी वावरात. लखमाआजीसंग हळद मोडून राहिली."

"आरू, आजीच्या भाजीत मीठ नव्हतं आज."

आरोहीचा पेरू थांबला. ती आईकडे न बघता म्हणाली, "मी नव्हते ना. संमेलनाच्या प्रॅक्टिसला लवकर जाते तीन दिवस."

"तू नव्हतीस म्हणजे?"

"मी चाखते रोज. आजी इचारती, हाये का बराबर, मी सांगते." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुणाला सांगू नको म्हनली. तिनं नागनाथाची शपथ घातलीय. आता मोडली ना ती?"

"नाही मोडली. तू नाही सांगितलंस, भाजीने सांगितलं." पुनमने तिचं चिकट तोंड पदराने पुसलं आणि ती वावराकडे निघाली.

लखमामावशीच्या वावरात, बोरीच्या सावलीत, काढलेल्या हळदीचा कमरेएवढा ढीग होता. पाच बायका भोवती बसल्या होत्या. मोठा गड्डा डाव्या हातात धरायचा, उजव्याने त्याला फुटलेली बोटं कडाकडा मोडायची, गड्डा मागे टाकायचा, बोटं पुढे. आज लखमाचं, उद्या गोजरबाईंचं, परवा तिसरीचं. सावड. मजुरी कुणी कुणाला देत नाही, दिवसाला दिवस फेडायचा. पुनमला भरदुपारी शहरातल्या चपलांनी ढेकळं तुडवत येताना बघून एक जण ओरडली, "आल्या बघा डॉक्टरीणबाई! काहून ओ, दुकानाला आग लागली का?"

"सासूची लई याद आली आसंल," दुसरी म्हणाली, आणि ढीगभर हसू झालं.

पुनम मामींसमोर उकिडवी बसली. आधी तिने त्यांचे डोळे पाहिले. ऊन तिरपं होतं, त्यांच्या डोळ्यांवर सरळ पडत होतं. तिने अंगठ्याने खालची पापणी ओढली. पांढरं होतं. सत्तरीच्या माणसाचं असतं तसं, थोडं धुरकट, बारीक लाल शिरांचं, पण पांढरं. हळद कुठंही चढते, डोळ्यांच्या पांढऱ्यात चढत नाही. पुनमने श्वास सोडला.

"काय झालं गं? असं काय बघून राहिली?"

"मामी, तुमच्या तोंडाला चव लागत न्हाई ना?"

हळद मोडणारे हात थांबले. मामींनी आधी ऐकलंच नाही असं केलं. मग एक गड्डा उचलला, न मोडताच ठेवला. "कोन म्हनलं?"

"वांग्याची भाजी म्हनली."

मामी कसनुसं हसल्या. "वीस रोज झाले. माती, भाकर, समदं एकच. गूळ खाल्ला तर दातात खडा आल्यावानी. तोंड मेलं माझं, पुनम." आणि आवाज खाली आणून, फक्त तिला ऐकू जाईल असं, "माझ्या मायचं बी आसंच झालं व्हतं. तोंड आधी गेलं. तिसऱ्या महिन्यात ती गेली. म्हनून म्हनलं, उगं कशाला गाजावाजा. आरूचं संमेलन होऊ द्यावं. हळद घरात येऊ द्यावी."

परवा मामींनी आपली हिरवी इरकल साडी काढून पुनमच्या कपाटात ठेवली होती. "मला जड होते," म्हणाल्या होत्या. पुनमला आत्ता त्या इरकलीची घडी दिसली, तिच्यातली डांबरगोळी दिसली. वीस दिवस ही बाई मरणाची तयारी करत रोज पहाटे चुलीशी बसत होती, आणि नातीला चाखायला लावून माझा डबा भरत होती.

"मामी, ऐका. तुमी मरत न्हाई. हे गोळीनं झालंय. मी दिलेल्या गोळीनं. कुना-कुनाला होतं. मला माहीत होतं, पन मी सांगितलं न्हाई. इचारलं बी न्हाई. माझी चूक हाये."

मामी तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत असलेल्या पुनमला तिथं दुसरंच काही फुटताना दिसलं. "म्हंजे," मामी म्हणाल्या, "मी मरून न्हाई राहिले?"

"न्हाई."

"आत्ता गं बया! आन् म्या इरकल देऊन बसले." त्या हसायला लागल्या, पिवळ्या हाताने तोंड झाकून, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. बाकीच्या बायकाही हसल्या, नेमकं कशाला ते न कळता. त्या हसण्यात समोरून लखमामावशी म्हणाली, "मंग माझं तोंड काहून न्हाई गेलं? मी बी तीच खाऊन राहिले की."

पुनमने वळून पाहिलं.

"सुरवातीला अर्धी अर्धी," लखमामावशी सांगू लागली. तिला यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "मला बी तसलेच चट्टे. तू एक आनायची, गोजरबाई अडकित्त्यानं दोन करायची. मंग तू दोन दोन दिल्या, तवा एकेक. न्हाईतर लई चांगल्या गोळ्या हायेत बाई. चट्टे पार गेले."

"इचारलं न्हाई तुला," मामी म्हणाल्या, आता जराशा बावरून. "पर तिचं वावर मी निंदलं, माझं तिनं. एका फडक्यातली भाकर दोघीनं खाल्ली. रोग बी एकाच चिखलातला. आन् गोळी काहून एकटीनं खावी?"

तर हे होतं. बुरशी जुमानत नव्हती असं नव्हतं. अर्ध्या गोळीला कोण जुमानणार? आणि दुप्पट दिलेली दुप्पट नव्हतीच. पुनमला त्या क्षणी आपल्या वाचनाची, आपल्या चौदा आणि छप्पन्न गोळ्यांच्या नीटस हिशेबाची लाज वाटली. तिने सगळं धरलं होतं, वय, वजन, जेवणाची वेळ. सावड धरली नव्हती. बारा वर्षं या घरात भाकरी खाऊन तिला हे सुचलं नव्हतं, की या बाईच्या हातात दिलेली कोणतीच गोष्ट एकटीची राहत नाही.

"लखमामावशी, इकडं बघा. वर बघा, आभाळाकडं."

तिने पापणी ओढली. आणि तिला तिथं हळद दिसली. हळद चढत नाही तिथं, पांढऱ्याच्या कडेकडेने, जुन्या कागदासारखी, अगदी शांत.

"हळदीचीच हाये बाई ती," लखमामावशी म्हणाली. "समदं आंगच हळदीचं झालंय."

"लघवी कशी होते?"

"आगं माय, चारचौघीत काय इचारते!" एक जण खिदळली. "हळदीत बसून निळी व्हनार हाये व्हय?"

पण पुनम हसली नाही, हे लखमामावशीच्या लक्षात आलं. "कोऱ्या चहावानी," ती हळूच म्हणाली. "आठ रोज झाले. जेवन जाईना. आन् खाज. चट्टे गेले पर खाज अंगभर, तळपायाला बी. म्हनून तर गोजरबाईनं दोन रोज तिच्यातली एक जास्तीची दिली."

कावीळ चढली, की पित्ताने अंगाला खाज सुटते. ती खाज या दोघींनी गजकर्णाची समजली आणि तिच्यावर तीच गोळी वाढवली. पुनमला आणखी एक गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी लखमामावशीच्या गळ्यात कावीळ उतरवायची माळ होती. मुळ्यांची. रोज थोडी लांब होत जाणारी. साऱ्या गावाने पाहिली होती. तिनेही पाहिली होती. त्या ट्रकवाल्याला विचारलेला पहिलाच प्रश्न.

"उठा, मावशी. मामी, तुमी बी. वसमतला जायचं. आत्ता."

"हळद?" लखमामावशी म्हणाली.

"आमी मोडतो," मघाशी खिदळलेली बाई म्हणाली. ती आता ढिगाकडे बघत नव्हती. "तू जा. तुझा दिवस धरलेला ऱ्हाईल."

ऑटोत दोघी म्हाताऱ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, पुनम समोर. लखमामावशी अधूनमधून मनगट खाजवत होती. मामींनी तिचा हात धरला आणि आपल्या मांडीवर दाबून ठेवला, खाजवू नये म्हणून, की नुसताच, हे पुनमला कळलं नाही. मामींच्या चेहऱ्यावरचं मघाचं हसू पुसलं गेलं होतं. पुनमला वाटलं, माझी चूक आता यांनी वाटून घेतलीय. तीसुद्धा अडकित्त्याने दोन करून.

डॉक्टर उझ्मा मॅडमच्या खोलीत पुनमने सगळं सांगितलं. कोणती गोळी, किती, केव्हापासून, आणि चिठ्ठीशिवाय कुणी दिली. ते शेवटचं वाक्य बोलताना तिला आपला आवाज काउंटरच्या पलीकडून आल्यासारखा वाटला. मॅडमनी मान वर केली, चष्म्यावरून तिच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि तेही लिहून घेतलं. रक्त घेताना लखमामावशीने तोंड फिरवलं. मामींनी फिरवलं नाही. संध्याकाळी कागद आले. मामींचे यकृताचे आकडे बावीस आणि चोवीस, अगदी बरोबर. लखमामावशीच्या ज्या आकड्याने चाळिशीच्या आत असावं, तो सहाशे बारा होता.

"गोळी बंद. दोघींची," मॅडम म्हणाल्या. "मावशी, दुसरं कुठलंच औषध घ्यायचं न्हाई. डोकं दुखलं तरी न्हाई. मुळ्या न्हाई, माळ न्हाई. आराम करायचा, दर शनिवारी रक्त. यकृत सोसतं पुष्कळ. सावरायला वेळ द्यावा लागतो." मग दारापर्यंत येऊन त्या पुनमला म्हणाल्या, "आज आणलंस ते बरं केलंस." त्यात शाबासकी नव्हती, दोषही नव्हता. पुनमला त्यातलं एकही चाललं असतं.

त्यानंतरचे शनिवार पुनमच्या आठवणीत आकड्यांनीच उरले. चारशे आठ. मग एकशे नव्वद. तो कागद हातात आला त्या दिवशी तिने दुकानात मागे जाऊन खोकला आल्यासारखं केलं आणि थोडी रडली. भाईंनी ऐकलं, आणि गिऱ्हाइकाला मुद्दाम मोठ्या आवाजात सुट्ट्या पैशांवरून रागावत राहिले. मग चौऱ्याहत्तर. महिनाभर लखमामावशी मामींच्या ओसरीवरच होती. तिची हळद सावडीतल्या बायकांनी मोडली, शिवशंकरने शिजवून दिली. मांड्यांवर पुन्हा दिसू लागलेले चट्टे मामींनी या वेळी स्वतः जाऊन मॅडमना दाखवले. "बाईमानूसच हाये ती. आधी सांगितलं असतंस तर," त्या पुनमला म्हणाल्या. आणि पुनमला जाणवलं, की वसमतला बाई डॉक्टर आहे, हे सांगायचंही आपल्याला सुचलं नव्हतं. आता लावायचं मलम होतं, नुसतं बुरशीचं, आणि कपडे उन्हात उलटे वाळवायचे. काउंटरवर पुनमच्या जुन्या प्रश्नांत एक नवा आला होता. कुणी चिठ्ठी पुढे केली, की गोळ्या पिशवीत घालता घालता ती विचारायची, "घरात अजून कोण खाणार आहे ही?" बहुतेक जण हसत. एखादा मात्र गप्प होई, आणि मग ती त्याला स्टुलावर बसवायची.

मामींची चव मात्र आली नव्हती. स्वयंपाक पुनम करू लागली होती. चैत्रात गावात लग्न झालं तेव्हा आचाऱ्याकडून वाटी आली. मामींनी ती पुनमपुढे सरकवली. "हिला इचारा," म्हणाल्या, आणि सरपण बघायच्या निमित्ताने मागच्या दारी गेल्या. पुनमने टाचेवर दोन थेंब घेतले. चारशे माणसांचं मीठ. तिला काही केल्या ठरवता येईना. "बसवा," ती अखेर म्हणाली, आणि पंगतीत कोण मीठ मागतं ते बघत राहिली.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, एका सकाळी, ती वरण घोटत होती. हळद घातली होती, हिंग घातला होता. मामी आंघोळ करून आल्या, तिच्या पाठीमागून पळी घेतली, तळहाताच्या टाचेवर वरण ओतलं, चाटलं. मान डावीकडे कलवली.

"आली गं," त्या म्हणाल्या. "आली चव. मीठ बराबर हाये."

पुनम पातेल्याकडे बघत राहिली. मीठ तिने अजून घातलंच नव्हतं. मिठाचा डबा झाकण लावलेला, खिडकीत होता. मामींना तो दिसत नव्हता, की त्यांनी बघितलाच नव्हता. चेहरा हसरा ठेवलेला होता, नीट, परटाकडून आणल्यासारखा. तीन महिने आपण रोज सकाळी "आज काही कळलं का, मामी?" म्हणून विचारतो आहोत, आणि तो प्रश्न त्यांच्यासाठी कधीच नव्हता, आपल्याच सुटकेसाठी होता, हे पुनमला त्या हसऱ्या चेहऱ्यावरून कळलं. मामी तिला मोकळं करत होत्या. इरकलीसारखंच, हेही घडी करून कपाटात ठेवत होत्या. व्हय म्हणावं आणि गुपचूप मीठ टाकावं, एवढंच करायचं होतं. किती सोपं होतं ते. जेवल्यावर घ्या, मामी, इतकं सोपं.

"मामी," ती म्हणाली, "मीठ टाकायचं हाये अजून."

बाहेर आरोही ओरडून पाढे म्हणत होती. मामींचं हसू तसंच राहिलं आणि मग सावकाश उतरलं. त्यांनी पळी खाली ठेवली नाही.

"मंग टाक की," त्या म्हणाल्या. "उभी काय राहिली."

पुनमने मीठ टाकलं. घोटलं. वरणाला एक उकळी येऊ दिली. मग स्वतःच पळी घेऊन त्यांच्या टाचेवर दोन थेंब ठेवले. त्या तळहातावर गेल्या हंगामाची हळद अजून रेषांमधे राहिली होती.

मामींनी चाटलं. डोळे मिटले. मान कलवली, आणि तशाच राहिल्या, इतका वेळ, की आरोहीचा साताचा पाढा संपून आठाचा सुरू झाला.

"काही न्हाई ना?" पुनम हळू म्हणाली. "न्हाई तर न्हाई म्हना. चालंल मला."

"थांब गं. गडबड नको करू." मामींनी जीभ गालाच्या आत फिरवली. "हितं. ह्या कडेला. काहीतरी हाये."

"मीठ?"

"मीठ का काय, ते सांगता येईना." त्यांनी डोळे उघडले. ते पांढरे, धुरकट डोळे आता खोटं हसत नव्हते. "पर हाये."

पुनमने पळी पुन्हा वरणात बुडवली.